सगळ्यांचे सात

"सात," पोरगी म्हणाली. प्रश्न अजून अर्धा वाचायचा होता.

आकडेबाईंचं बोट टॅबवर अधांतरीच राहिलं. "अगं, पूर्ण ऐक तरी! 'शून्य म्हणजे अजिबात समाधानी नाही आणि दहा म्हणजे पूर्ण समाधानी. तर सध्याच्या आयुष्याबद्दल तू किती –'"

"सातच. लिहा ना, काकू."

पुन्हा सात! हे एक्केचाळिसावं घर, आणि आतापर्यंत तेहेतीस पोरापोरींनी सातच सांगितले होते. उंच, बुटकी, चष्मेवाली, केस निळे केलेली, वर्गात पहिली येणारी, दोनदा नापास झालेली, सगळ्यांचे सात. जणू कुणीतरी कोपऱ्यावर उभं राहून वाटतच होतं, घ्या बाळांनो, सात घ्या.

आकडेबाईंचं खरं नाव गळ्यातल्या ओळखपत्रावर होतं, पण ते कुणी वाचण्याच्या भानगडीत पडत नसे. बावीस वर्षं त्या दारोदार प्रश्न विचारत फिरत होत्या. साबण कुठला वापरता, डास किती चावतात, दात दिवसातून किती वेळा घासता (याला झाडून सगळे 'दोनदा' म्हणतात, आणि झाडून सगळे थापा मारतात!). या वेळची पाहणी पंधरा ते अठरा वयाच्या मुलांची होती. झोप लागते का, काळजी कशाची वाटते, मनातलं कुणाशी बोलता. कामाचे नियम ठरलेले. प्रश्न छापलाय तसा वाचायचा, उत्तर येईल ते भरायचं, चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही. आणि स्वतःचं डोकं घरी ठेवून यायचं. हा शेवटचा नियम छापलेला नव्हता, पण साहेबांनी प्रशिक्षणात तीनदा ऐकवला होता.

पण या साताने बाईंच्या डोक्यात भुंगा सोडला होता, त्याला काय करणार!

त्यांनी खोलीभर नजर फिरवली. पलंगावर व्हॉलीबॉल. भिंतीवर अभ्यासाचं वेळापत्रक, त्याच्यावर दुसरं वेळापत्रक, त्याच्यावर तिसरं. समोर बसलेली मुलगी सतरा वर्षांची, दारातून वाकून आत येणारी, आणि घरात तिला हाक मारायचे 'छकुली'! पलीकडच्या खोलीत तिची आई शाळेचे गणवेश शिवत होती. मशीन धडधड धडधड चालायचं, मध्येच थांबायचं. आणि बाईंच्या मुरलेल्या कानांनी एक गोष्ट टिपली. मशीन चालू असलं की मुलगी वाक्यांत बोलायची. थांबलं की तिची उत्तरं एका शब्दावर यायची. आत्ताही मशीन थांबलेलंच होतं.

ते पुन्हा सुरू होईपर्यंत बाईंनी उगाच टॅब पुसला. मग हळूच म्हणाल्या, "हे फॉर्मात नाहीये हं, पण मला सांग. सातच का गं?"

छकुली गालात हसली. "सात सेफ असतात, काकू. नऊ म्हटलं तर लोक म्हणतात, फेकतेय. पाच म्हटलं तर समुपदेशकांकडे पाठवतात, आईला शाळेत बोलावतात, आई रडते, मग आपणच आईची समजूत काढत बसायचं. सात म्हटलं की पुढचा प्रश्न येतो."

"अगं बाई!" आकडेबाई म्हणाल्या. चेहऱ्याचा नियम तर कधीच वाऱ्यावर गेला होता.

"तुमचे किती?"

"माझे?"

"हो. सध्याच्या आयुष्याबद्दल."

बावीस वर्षांत हा प्रश्न त्यांना एकाही घरात कुणी उलटा विचारला नव्हता. त्यांनी तोंड उघडलं आणि आत 'सात' तयारच होता! ऐटीत, इस्त्री करून बसलेला. त्यांना खुदकन हसूच आलं. "थांब हं. खरं सांगते. चार. परवा साडेचार होते."

छकुली त्यांच्याकडे बघतच राहिली. मोठी माणसं अशी अर्ध्याचा हिशोब ठेवतात हे तिला नवीन असावं. "मी दमते, काकू," ती एकदम म्हणाली. "नीट असण्याने. शाळेत नीट, ग्रुपवर नीट, आईसमोर तर फारच नीट. ती एवढी राबते, तिला वाईट वाटायला नको ना. कधीकधी हसून हसून गाल दुखतात माझे."

पलीकडे मशीन थांबलं.

आता ही गप्प बसणार, बाईंना वाटलं. छकुलीने दाराकडे पाहिलं आणि मैदानावर ओरडतात तेवढ्या आवाजात म्हणाली, "काकू, सात खोडा. तीन लिहा."

आई दारात आली ती गळ्यात टेप आणि हातात एक बाही घेऊन. "तीन? दहातले तीन?" ती कुणाला विचारत होती तेच कळेना. "काय कमी आहे गं तुला? वेगळी खोली आहे, फोन आहे, कधी एक चापट मारली नाही मी! मॅडम, ती काहीतरीच बोलते. आठ लिहा."

"ताई, उत्तर तिचं आहे."

"मग तपासायला फोन येतो ना तुमचा? मी आठच सांगणार!"

फोन खरंच यायचा. उत्तरं म्हणे गुप्त, आणि पडताळणीचा फोन मात्र लगेच पालकांच्या नंबरवर! ही अक्कल कुणी चालवली होती देव जाणे. आकडे जुळले नाहीत की फॉर्म बाद. बाईंचे दोन बाद झालेच होते, दोन्ही वेळा मुलांनी वेगळंच सांगितलं आणि वडिलांनी फोनवर "सगळं मस्त, नऊ लिहा." तिसरा बाद झाला तर टॅब जमा करायचा आणि घरी बसायचं, हे साहेबांनी सोमवारीच बजावलं होतं. आणि घरी बसून काय करणार? त्यांना दुसऱ्यांच्या दारात उभं राहण्याखेरीज काहीच येत नव्हतं.

टॅबवर सात अजून तसाच होता. काही न करता 'पाठवा' दाबलं असतं तरी भागलं असतं. सातावरून आठावर आईशी तडजोड झालीही असती.

छकुली त्यांच्या बोटाकडे बघत होती.

बाईंनी सात खोडला, तीन भरला आणि पाठवून दिला. "येते मी," त्या म्हणाल्या. निरोप द्यायला कुणीच उठलं नाही.

जिन्यात बसून त्या सँडलचा पट्टा लावत होत्या, तेवढ्यात वर फोन वाजला. दार उघडंच होतं.

"हो, बोलतेय... हो, आल्या होत्या... मुलगीच बोलली, हो." मग आईचा आवाज बंद. इतका वेळ बंद, की बाईंना वाटलं, फोन कटला. पट्टा हातातच राहिला.

"तीन," आई म्हणाली.

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं.

"नाही, नाही, चूक नाही झालेली. मी ऐकलंय ना स्वतः. तीनच म्हणाली ती." आणि मग, फोनवर असं कुणी सांगत नाही, पण ती सांगत होती, "आत बसलीये. मी आता जाते तिच्याकडे."

आकडेबाईंनी दोन्ही सँडल हातात घेतल्या आणि पावलांचा आवाज न करता जिना उतरू लागल्या.