व्हळातला धोंडा सुदामच्या वावरात

मी एक जुना धोंडा आहे. माझा पत्ता विचाराल, मित्रांनो, तर माझाच गोंधळ उडतो. जन्मभर मी डोंगरातल्या व्हळात होतो. व्हळ म्हणजे आमच्याकडचा ओढा. आज मात्र मी सुदाम नावाच्या शेतकऱ्याच्या भाताच्या वावरात चिखलात रुतलो आहे. माणसं भोवती जमून विचारतात, "हा हितं आला कसा?" मीही तेच विचारतो आहे.

टोकावडे गावाच्या मागे डोंगराच्या पायथ्याशी एक वाडी आहे. तिच्या वरच्या अंगाला मी पडून असायचो. कड्यावरून कधी निखळलो ते आठवत नाही. पाण्याने माझी पाठ सपाट केली आणि बायकांनी मला धुण्याचा धोंडा केलं. रखमी नवी नवरी होऊन आली, ती माझ्याच पाठीवर लुगडी आपटू लागली. "असा धोंडा कुठं नाय गो," असं ती म्हणे तेव्हा मी सुखावत असे. मग वाडीत नळ आला. माझ्यावर शेवाळ चढलं. पुढे ट्रॅक्टर येऊ लागले आणि घरांच्या पायासाठी माझ्या शेजारचे धोंडे-गोटे उचलून नेऊ लागले. तळाची मऊ माती उघडी पडली. मी तेवढा राहिलो, कारण मी कुणालाच हलेना. त्याचा मला गर्वच वाटला.

यंदा श्रावणात पाऊस थांबेचना. एका दुपारी तो कोसळत असतानाच व्हळाचं पाणी एकाएकी ओसरलं. रखमी आता म्हातारी झाली आहे. ती शेळ्या शोधत काठावर आली होती. मागून आलेली तिची सून देवकी म्हणाली, "बरं झालं आत्या, पाणी उतरलं."

रखमी बघतच राहिली. "वर एवढा पाऊस नि व्हळ आटतो कसा? मला काय समजत नाय गो, पण मन मानत नाय. पोरांना घेऊन समोरच्या टेकाडावर चल. समद्यांना हाक मार."

"नि शेळ्या?"

"ऱ्हाऊ दे शेळ्या!"

वाडी रिकामी झाली आणि डोंगर गुरगुरला. वर दरड सुटली होती. खरं सांगतो, ती फार मोठी नव्हती. थोडा मुरूम व्हळात येऊन अडला, मागे पाणी तुंबलं, म्हणून खाली व्हळ आटला, आणि मग सगळं एकदम फुटलं. पण माझ्यापर्यंत पोचेतो त्याची चिखलाची भिंत झाली होती. पुढे धोंडे, मागे दाट गाळ. वाटेत ती तळ खरवडत होती, काठ पोखरत होती. काठ ढासळला की झाडासकट तिच्या पोटात. जेवढं खाई तेवढी जड होई, आणि जड झाली की आणखी खाई. माझ्याखालची भिजलेली माती थरथरली, पातळ झाली आणि मी उचलला गेलो. वाटलं, मी जागीच आहे, डोंगरच चालू लागला आहे. मग मी एका काठावर आदळलो आणि तो काठ पडला. ती भिंत मला ओढून नेत होती की मीच तिला ओढून नेत होतो? रखमीच्या घराला पहिला धक्का माझा, की शेजारच्या धोंड्याचा? मला सांगता येत नाही.

उतार संपला, शेतं लागली आणि तो लोंढा सैलावून थांबला. माणसं वाचली. रखमीचं घर गेलं, शेळ्या गेल्या, सुदामचं पीक गाडलं गेलं.

दुसऱ्या दिवशी सुदाम वर बोट दाखवून म्हणाला, "दरड तर एवढीशी दिसते. मग हा राडा आला कुठून?"

"व्हळातनंच आला रे," रखमी म्हणाली. "बघ, व्हळाला तळ तरी ऱ्हायलाय का?" मग तिची नजर माझ्यावर पडली. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. "हा आपला धुण्याचा धोंडा!" आणि ती रडू लागली. रागाने की मायेने, मला ओळखता आलं नाही.

"ह्याला फोडायलाच लागंल," सुदाम म्हणाला. "नायतर वावर मोकळं होयाचं नाय."

"फोड. पण तुकडे कुणाला द्यायचे नाय. वर नेऊ, व्हळात बांध घालू. माती धरून ऱ्हाईल."

सुदामने मान डोलावली.

उद्या मला छिन्नी लागेल. भीती वाटते की बरं वाटतं, कळत नाही. तुकडे झाल्यावर त्यातला मी कोणता, हेही कळत नाही. पण मित्रांनो, एवढं उमजलं आहे: व्हळातला दगड रिकामा पडलेला नसतो, तो खालची माती दाबून बसलेला असतो. कधी आमच्याकडे आलात आणि बांधातला एखादा तुकडा आवडला, तर हात फिरवा, पण तिथेच राहू द्या. कदाचित तो मी असेन.