कपाटातली कानटोपी

मी एक जुनी, जाडजूड, लोकरीची कानटोपी आहे, आणि मित्रांनो, मी रागावलेली आहे. हे सुरुवातीलाच सांगून टाकते. जुन्या वस्तू बोलायला लागल्या की डोळे पुसत बोलतात, असा तुमचा समज असेल. मोडकी छत्री रडते, तुटकी खुर्ची उसासे टाकते. मला ते जमत नाही. मी दुपदरी लोकरीची आहे, माझ्या अंगावर बोटाएवढ्या जाड वेण्या आहेत, आणि या घडीला स्टीलच्या कपाटात, डांबरगोळ्यांच्या वासात, पैठणीखाली दबून मी नुसती धुमसते आहे.

तुम्ही विचाराल, बोईसरकडे लोकरीची टोपी कशाला? सगळ्यांनी हेच विचारलं. इथे डिसेंबरातही दुपारी पंखा लागतो. मला विणणारी मंगला ऐन ऑक्टोबरच्या उन्हात पालघरच्या बाजारात लोकर मागायला गेली, तेव्हा दुकानदार म्हणाला, "मावशी, काश्मीरला निघालात की काय?"

"नाय रे," मंगला म्हणाली, "आमच्या एमआयडीसीतच हाय काश्मीर. चल, दाखवते."

दुकानदार हसला. त्याला तो विनोद वाटला. मंगलाने आमसुली रंगाचे लोकरीचे गुंडे उचलले, कारण तेवढाच एक रंग पुरेसा शिल्लक होता, आणि घरी आली.

विनोद नव्हता तो. मंगलाचं घर कुंभवलीत. तिथून चालत वीस मिनिटांवर एक कंपनी होती, कोळंबी गोठवून परदेशी पाठवणारी. तिच्या पोटात एक कोल्ड रूम होती. बाहेर माणसं घामाने निथळत असायची आणि त्या जाड दाराच्या आत उणे अठरा. भावना, म्हणजे मंगलाची सून, तिथे खोकी लावायच्या कामाला होती. वीस मिनिटं आत, दहा मिनिटं बाहेर, असं दिवसभर. कंपनीने बायकांना जाड कोट दिले होते. ते आधी तीन-चार जणींच्या अंगावरून उतरलेले. डोक्याला केसांवरच्या पातळ जाळीशिवाय काही नाही. डोकं म्हणजे जणू प्रत्येकीने घरून आणायची वस्तू.

भावनाचा डावा कान लहानपणी फुटला होता. पडदा तेव्हापासून अधू. कोल्ड रूमच्या पहिल्या महिन्यातच तो वाहायला लागला. पालघरच्या डॉक्टरांनी सांगितलं, "या कानाला गार हवा लागू देऊ नका. ऐकणं जाईल. दुसरी नोकरी बघा." दुसरी नोकरी त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिली नाही. थेंब लिहून दिले.

घरी भावनाची दीड वर्षांची भाविका होती. नुकती बोलायला लागलेली, तीही इतकं हळू, की मांजराचं पिल्लू बरं. ती आईच्या डाव्या कडेवर बसून काहीतरी सांगायची आणि भावना मान वळवून उजवा कान तिच्या तोंडाशी न्यायची. एकदा ती सासूला म्हणाली, "आई, ही मोठी होईपर्यंत मला ऐकू येईल ना?"

मंगला उठून दोरा शोधायला लागली.

आता पहिली चूक ऐका. मंगलाला क्रोशाचं काम कोणी शिकवलेलं नव्हतं. लग्नात आलेलं एक तोरण तिने टाका टाका उसवलं आणि पुन्हा विणलं, असं करत ती शिकली. तोरणं, रुमाल, टीव्हीवर टाकायची झालर. या सगळ्या कामात शोभा कशाची असते? भोकांची. जितकी नाजूक जाळी, तितकं कौतुक. तर या बाईने सुनेसाठी पांढऱ्या सुताची, पाकळ्या-पाकळ्यांची, सुरेख जाळीची टोपी विणली. आळीतल्या बायका बघायला आल्या. भावना ती घालून उणे अठरामध्ये गेली. भोकाभोकातून थंडी आत शिरली. संध्याकाळी ती आली ती कान दाबून.

मंगलाने ती टोपी हातात घेतली, उजेडाकडे धरली आणि तिच्यातून अंगण बघितलं. सगळं अंगण दिसलं. तुळस, बादली, दोरीवरचे कपडे. "काय अक्कल गो माझी," ती म्हणाली. "पोरीच्या डोक्यावर खिडकी बसवली."

माझा जन्म त्या रागातून झाला. म्हणून माझा स्वभाव असा आहे. मला बोल लावू नका.

भावनाने फोनवर एक व्हिडिओ शोधून दिला. त्यात एका बाईचे नुसते हात दिसायचे. वेणीची वीण अशी असते, मित्रांनो: दोन खांब, म्हणजे उभे टाके, सोडायचे, पुढचे दोन आधी विणायचे, मग मागे फिरून त्या सोडलेल्या दोघांना बाकीच्यांच्या डोक्यावरून ओढून आणायचं. लोकर लोकरीवर चढते, पीळ बसतो, आणि भोक म्हणून राहत नाही. मंगलाची लोखंडी सुई दुपदरी लोकरीला पुरेना, आणि बाजारात जाड सुई मिळाली नाही. तिने जुन्या टूथब्रशची दांडी पायरीच्या दगडावर घासून घासून तिला आकडा काढला. मी त्या सुईने विणली गेले. मला अजून क्वचित टूथपेस्टचा वास येतो.

माप तिने घेतलं तांब्याच्या कळशीवर. कळशीला कान नसतात आणि अंबाडाही नसतो, हे मी पूर्ण झाल्यावर लक्षात आलं. भावनाच्या अंबाड्यावर, त्यावरच्या कंपनीच्या जाळीवर मी चढले आणि कान दोन्हीकडून बाहेर. मला थेट टाळूपर्यंत उसवलं. दुसऱ्या खेपेला मंगलाने सुनेला समोर पाटावर बसवून विणलं, दर दोन ओळींनी डोक्यावर घालून बघत. एका वेणीचा पीळ चुकून उलट्या बाजूला पडला. भावनाने दाखवला. "राहू दे," मंगला म्हणाली. "थंडी काय मोजायला बसणार हाय?"

मी कामाला लागले. काय सांगू, मित्रांनो, किती मजबूत होते मी. त्या दाराआड पांढरी वाफ अंगावर यायची, माझ्या वेण्यांवर बर्फाची भुकटी बसायची आणि आत भावनाचा कान उबदार, कोरडा. महिन्याभरात वाहायचा थांबला. बाकीच्या बायकांनी मला हात लावून बघितलं. डोंगराकडच्या पाड्यावरून येणारी बुधी म्हणाली, "बाय, तुझ्या सासूला सांग, माझं पण डोकं हाय." मंगलाने आणखी पाच विणल्या. सहा जणी, सहा टोप्या. त्या दिवसांत मी रागावलेली नव्हते. तेवढेच दिवस.

मग ऑडिट आलं.

बाहेरून माणसं येणार, कामगारांना काय काय दिलंय ते तपासणार. त्या सकाळी पुंडलिक नावाचा सुपरवायझर कांद्याची जाळीची गोणी घेऊन आला. हा पुंडलिक परका नव्हता, शेजारच्याच गावचा. त्याने आम्हा सहाही टोप्यांना गोणीत टाकलं आणि ऑफिसजवळच्या कपाटाचं कुलूप उघडलं. आत निळ्या कानटोप्या! कापूस भरलेल्या, हनुवटीखाली पट्टी असलेल्या, एकेक प्लास्टिकच्या पिशवीत. दोन वर्षांपासून तिथे पडून होत्या. बायकांनी त्या घातल्या, ओळीने उभ्या राहिल्या, फोटो निघाले. पाहुणे म्हणाले, छान. जेवले आणि गेले.

मी हे सगळं बघितलं. गोणी कोल्ड रूमच्या दाराशीच भंगाराच्या ढिगावर टाकली होती, आणि जाळीतून सगळं दिसतं, हे मी तुम्हाला सांगितलंच आहे.

पाहुण्यांची गाडी फाटकाबाहेर पडली तसा पुंडलिक परत आला. "चला, द्या निळ्या परत. घडी मोडू नका."

"आमच्या टोप्या?" भावनाने विचारलं.

"त्या भंगारात. लोकरीचे केस मालात पडतात, वरून लिहून आलंय."

"मग ह्या राहू देत डोक्यावर."

"ह्या पुढच्या ऑडिटला लागतील. मळल्या म्हणजे मी काय सांगू?"

"आमची डोकी मळकी हायत म्हणून सांग," बुधी म्हणाली.

कपाटाला कुलूप लागलं. बाहेर कंटेनर उभा होता, खोकी काढायची होती. आणि माझी भावना, जिच्यासाठी मी टाळूपर्यंत उसवून घेतलं, ती ओढणी डोक्याला गुंडाळून मुकाट्याने आत गेली. मी गोणीत होते. मला तोंड असतं तर मी त्या दिवशी काय काय बोलले असते, ते लहान मुलांच्या पुस्तकात छापता आलं नसतं. पुंडलिकचा राग आलाच. पण तिचा जास्त आला. तू का गेलीस? कोणाचा कान आहे तो?

वीस मिनिटांनी ती बाहेर आली. डावा हात कानावर. बुधीने तिला काहीतरी विचारलं, डाव्या बाजूने. भावनाने उत्तर दिलं नाही. बुधीने परत विचारलं. तेव्हा भावना तिच्याकडे वळली, तिच्या हलणाऱ्या ओठांकडे बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. मला कळलं, तिला भाविका आठवली.

दहा मिनिटं संपली. पुंडलिकने टाळी वाजवली. भावना दारापर्यंत गेली, परत फिरली, एक क्रेट उलटा केला आणि दारासमोर बसली. बुधी तिच्या शेजारी बसली. मग बाकीच्या चौघी.

"काय झालं?" पुंडलिक म्हणाला.

"काही नाही," भावना म्हणाली. "काम करणार आहे. डोक्याला द्या, जाते."

"अगं, कंटेनरवाला बोंबलतोय. दहा मिनिटांचं तर काम उरलंय."

"धा मिनिटांचंच हाय तर तू जा," बुधी म्हणाली. "आमी दार धरतो."

बाकीच्या हसल्या. पुंडलिकला ते लागलं. तो तावातावाने कपाटाकडे गेला, कमरेची किल्ली काढली, कुलूप उघडलं, एक प्लास्टिक फाडलं आणि निळी कानटोपी स्वतःच्या डोक्यावर चढवली. हनुवटीखाली पट्टी आवळली. मग वळला तर सहा बायका त्याच्याकडे बघत होत्या. कोणी हसत नव्हतं.

पट्टीवरचा त्याचा हात तसाच राहिला.

भावना उठली. "तुला आहेत तेवढेच कान आम्हाला आहेत, दादा," ती म्हणाली. आणि त्याच्या बाजूने हात घालून तिने उघड्या कपाटातून एक टोपी घेतली. बुधीने दुसरी. एकामागून एक प्लास्टिक फाटत गेलं. तो आवाज मी अजून मनात वाजवून बघते.

"मळवू नका," पुंडलिक हळूच म्हणाला.

"मळवतो की," बुधी म्हणाली. "डोक्यात घालायलाच हायत ना त्या?"

भावना मात्र आधी गोणीकडे आली. तिने गाठ सोडली, मला बाहेर काढलं, कोळंबीच्या वासासकट डोक्यावर ओढलं आणि माझ्यावरून निळी चढवली. म्हणाली, "आता केस पडले तर ह्यातच पडतील." वर कंपनीची, आत सासूची. अशा आम्ही आत गेलो. पुंडलिकही आला, खोकी उचलायला.

त्या दिवसापासून निळ्या टोप्या दाराशेजारी खिळ्यांवर टांगलेल्या असतात. मळल्या आहेत, एकीची पट्टी तुटली आहे. छान दिसतात. पण मित्रांनो, भावनाच्या डाव्या कानाचं ऐकणं त्या वीस मिनिटांनंतर निम्म्यावर आलं ते परत वर गेलं नाही. जेवढं उरलं, तेवढं मी सहा वर्षं सांभाळलं. भाविका आता मोठ्याने बोलते, आणि आईच्या उजव्या बाजूला बसूनच बोलते. तिला कोणी सांगितलं नाही तसं.

मग मी कपाटात कशी, विचारा. भावनाला आता बाहेर वजनकाट्यावर काम मिळालं. बाकीच्या पाच टोप्या झिजून संपल्या आणि मंगलाच्या बोटांना आता सुई धरवत नाही, म्हणून मी शेवटची. भावनाने मला धुतलं, वाळवलं, पैठणीखाली ठेवलं आणि म्हणाली, "ही आता जपून ठेवायची." आणि कुलूप लावलं. कुलूप! जिने कंपनीचं ते कपाट उघडायला लावलं, तिने. प्रेमाने लावलं तरी मला ते बंदच आहे. आत अंधार सारखाच असतो.

मित्रांनो, तुमच्याही घरी कोणाच्या हातची टोपी असेल, स्वेटर असेल, आठवण म्हणून ठेवलेला. तो जपू नका. जिथे थंडी वाजते तिथे द्या. झिजू द्या त्याला. त्याच्या वाटेचं काम त्याला करू द्या.

आज सकाळपासून बाहेर बोलणं चाललं आहे. बुधी आपल्या भाचीला, किंजलला, घेऊन आली आहे. किंजलला सोमवारपासून कोल्ड रूममध्ये लावलंय. "निळ्या हायत गो," बुधी म्हणते, "पण आतून काय नसलं तर थंडीनं कान धरतोच."

मी डांबरगोळ्यांत श्वास धरून आहे. मग किल्लीचा आवाज, दाराची फट, उजेड. भावनाचा हात मला बाहेर काढतो आणि तसाच थांबतो, माझ्या उलट्या पडलेल्या वेणीवर.

"आई," ती खाटेकडे वळून म्हणते, "देऊ ना?"

मंगला उठून बसते. मला मागून घेते, वाकड्या बोटांनी माझी कड ताणून बघते आणि किंजलकडे वळते.

"इकडे बस पाटावर," ती म्हणते. "आणि आधी अंबाडा घाल. माप डोक्याचं नाय घ्यायचं, अंबाड्यासकट घ्यायचं."

नव्या मापासाठी भावना टूथब्रशच्या सुईने माझी शेवटची ओळ उसवायला लागली आहे. दुखतं. उसवा.