डावखुऱ्याची गिटार

मॅडमने गिटार मांडीवर घेतली, तारांवरून एकदा हात फिरवला आणि चहात साखरेऐवजी मीठ पडल्यासारखा चेहरा केला. मग गिटार उभी धरून तारा नीट पाहिल्या.

"काकू, ह्या कुणीतरी उलट्या लावल्यात."

"उलट्या नाहीत. डावखुऱ्याची गिटार आहे. माझ्या दादाची. आणि काकू नको म्हणूस, ताई म्हण."

"तुम्ही पण डावखुऱ्या?"

"मी कशाला डावखुरी?"

मॅडम म्हणजे चोवीस-पंचवीस वर्षांची मुलगी. इस्त्रीच्या दुकानावरच्या खोलीत तिचा क्लास चालायचा आणि खालून सतत गरम कापडाचा वास यायचा. बाकीचे विद्यार्थी शाळेतले. त्यांच्यात ही सत्तेचाळीस वर्षांची बाई, खांद्याला पर्स आणि हातात उशीच्या दोन खोळी एकमेकींना शिवून त्यांत घातलेली गिटार. मुलं तिच्याकडे बघून हसत होती. तिला ते दिसत होतं, पण हसणाऱ्याचे आधी दात बघायची तिला सवय होती, त्यामुळे राग यायला उशीर होई.

"मग सोपं आहे," मॅडम म्हणाली. "तारा काढायच्या, वरची ही खाचांची पट्टी बदलायची आणि सुलट लावायच्या. अर्ध्या तासाचं काम आहे."

"नको."

"अहो, पण तुम्हाला उजव्या हाताने वाजवायचंय ना?"

"तो आला आणि त्याने हातात घेतली, तर?"

"कधी येणार आहेत?"

"येईल," ती म्हणाली आणि गिटार परत घेतली.

दादा परदेशी नोकरीला गेला तेव्हा एका वर्षाच्या करारावर गेला होता. त्या वर्षाला शेपूट फुटत गेलं. मधे दोनदा आला, एकदा वडील गेले म्हणून आणि एकदा आई गेली म्हणून, आणि दोन्ही वेळा परतीचं तिकीट खिशात घेऊनच आला. गिटारीचा विषय काढावा अशी ती वेळ नव्हती. आता फोनच्या पडद्यावर त्याच्या कानाजवळचे केस पांढरे दिसायचे. बोलणं संपताना "पुढच्या वर्षी नक्की" हे यायचंच, दुकानदार सवयीने "पुन्हा या" म्हणतो तसं. तरी दर वेळी ती फोन ठेवून मनातल्या मनात पुढचं वर्ष मोजायला लागायची. ह्या बाबतीत तिला अक्कल कधी आली नाही.

जाताना त्याने गिटार तिच्या कपाटामागे उभी केली होती. "चिंगे, सांभाळ हिला. आल्यावर घेतो." तिने सांभाळली. लग्न होऊन ती नव्या घरी आली, तेव्हा सामानातून गिटार निघालेली पाहून सासरच्यांना वाटलं, सून वाजवते. सून नुसती पुसायची. पुढे एक दिवस आपोआप एक तार तुटली आणि मान वाकलेली दिसली, म्हणून ती दुरुस्तीच्या दुकानात घेऊन गेली. तिथला म्हातारा म्हणाला, "बाई, वाद्य असं जपून ठेवलं की वाकडं होतं. वाजतं ठेवा."

घरी येऊन तिने नवऱ्याला सांगितलं की मी गिटार शिकणार आहे. गिटारीच्या तब्येतीसाठी.

नवऱ्याने वर्तमानपत्रातून डोकं काढलं नाही. "म्हणजे आता तिला रोज फिरायला न्यायचं," तो म्हणाला. पण त्याच संध्याकाळी माळ्यावरची हात नसलेली खुर्ची त्याने खाली काढून दिली.

अशी ती उजव्या हाताची बाई डाव्या हाताने शिकायला लागली. तारा दाबायचं काम उजव्या हाताकडे गेलं आणि छेडायचं डाव्याकडे, ज्याने तिने आयुष्यात साधा डबाही उघडला नव्हता. पहिले काही महिने गिटारीतून जे काही निघायचं त्याला आवाज एवढंच म्हणता येईल. एक गोष्ट मात्र तिच्या पथ्यावर पडली. मॅडम समोर बसायची. मॅडमची गिटार एका बाजूला, हिची तिच्या बरोब्बर समोर. बाकीच्या मुलांना मनात डावं-उजवं करत बसावं लागे. हिला आरशात बघून कुंकू लावावं इतकं ते सोपं होतं.

"ताई, तुमचं बरंय," मॅडम म्हणाली. "तुम्ही नुसती माझी नक्कल करा."

त्रास व्हायला लागला तो कामावर. दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत ती कवळ्या तयार करायची. प्लास्टरच्या साच्यावर मेणाची हिरडी चढवायची, त्यात दात बसवायचे, कवळी पक्की झाली की घासून गुळगुळीत करायची आणि शेवटी कडेवरून उजव्या हाताचं पहिलं बोट फिरवायचं. कुठे कण जरी राहिला तरी बोटाला कळायचा. आता त्या बोटाला घट्टा पडला होता.

एक दिवस डॉक्टर स्वतः आत आले. "ताई, ही परत आलीय. आजोबा म्हणतात टोचते."

इतक्या वर्षांत तिची कवळी परत आली नव्हती. तिने ती हातात घेऊन बोट फिरवलं. काही लागलं नाही. मग डाव्या हाताचं बोट फिरवलं, आणि टोक लागलं. तिला कानकोंडं झालं. त्या दिवसापासून ती कडा डाव्या हाताने तपासायला लागली. डॉक्टरांना कारण सांगितलं नाही. कवळ्या करणाऱ्या बाईने बोटं गिटारीपायी बधिर करून घेतली, हे सांगायचं तरी कसं?

तिला शिकायचं होतं एकच गाणं. दादाने कॉलेजात असताना स्वतः रचलेलं, तीन कॉर्डचं. जगात ते दोघांनाच येत होतं. तो पलंगावर भिंतीला टेकून वाजवायचा आणि ती परीक्षेचं पुस्तक उघडं टाकून पायथ्याशी बसायची. गायचा तोच. ती एकदा बरोबर गायला लागली तर म्हणाला होता, "थांब चिंगे, तू गायलीस की माझे शब्द चुकतात." तेव्हापासून तिने ते कधी तोंडाबाहेर काढलं नव्हतं. मॅडमला मात्र गुणगुणून दाखवावं लागलं. आधी तिने दार लावून घेतलं.

मॅडमने कॉर्ड शोधून दिल्या. वाजवणं हळूहळू जमलं. गाणंही बरं जमलं, आवाज काही वाईट नव्हता. पण दोन्ही एकदम होईना. तोंड उघडलं की डावा हात जागच्या जागी थांबायचा.

"हात चालू द्या. हाताकडे लक्षच देऊ नका," मॅडम म्हणायची.

"लक्ष दिलं नाही की तो थांबतो. घरातल्या माणसांसारखा आहे."

"मग नुसतं वाजवा. गायचं त्यांच्यावर सोडा."

हे तिला पटलं. खरं तर तिच्या मनात तेच होतं. दादा येईल, पलंगावर बसेल, ती गिटार त्याच्या हातात देईल. गिटार सुरात असेल, मान सरळ असेल, तारा नव्या असतील, आणि तो म्हणेल, अरे वा. बस, एवढंच. मग तो ते गाणं वाजवेल आणि ती पायथ्याशी बसेल. त्यानंतर तो उठून जाणार नाही, असं काहीतरी तिच्या मनात होतं. ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तिलाच हसू आलं असतं.

फोन आला तो ध्यानीमनी नसताना. दादाचं कंपनीचं काम जवळच्या शहरात निघालं होतं. "दुपारी येतो, संध्याकाळच्या विमानाने परत. जेवायचं काही करू नकोस."

तिने कामावर रजा टाकली. तारा बदलून आणल्या, होत्या तशाच क्रमाने. पलंगावर धुतलेली चादर घातली आणि गिटार भिंतीला अशी टेकवली की आल्या आल्या दिसावी, पण मुद्दाम ठेवल्यासारखी वाटू नये. हे जमवायला बराच वेळ गेला.

दादा आला. वाळला होता, चष्म्याची काच जाड झाली होती. त्याने तिच्या डोक्यावर टपली मारली, नवऱ्याशी हात मिळवला आणि पलंगाऐवजी दारापाशी खुर्चीच्या कडेवर बसला. थोडा वेळ तब्येती आणि हवापाणी झालं. नवरा चहाचं बघतो म्हणून आत गेला आणि बाहेर येण्याची घाई केली नाही. शहाणा माणूस.

"अगं, ही अजून आहे?" दादाने गिटारीकडे बघून विचारलं.

हा प्रश्न तिला थोडा लागला. "सांभाळ म्हणाला होतास ना," ती म्हणाली आणि गिटार त्याच्या हातात दिली.

त्याने ती घेतली, मांडीवर टेकवली आणि उजव्या हाताने छेडली. भलतंच काहीतरी वाजलं.

"बिघडलीय का?"

"नाही दादा. तू उलटी धरलीस."

त्याने खाली आपल्या हातांकडे पाहिलं. मग हसला आणि गिटार फिरवून घेतली. उजवा हात मानेवर गेला. बोटं तारांवर आली आणि तिथेच उभी राहिली, परक्याच्या घरी आल्यासारखी. त्याने एक कॉर्ड लावून पाहिली, सोडली, पुन्हा लावली.

"जात नाहीत गं बोटं," तो म्हणाला. "तिकडे माझी गिटार कुठली? ज्याची मिळेल त्याची वाजवायची, आणि सगळ्यांच्या उजव्या हाताच्या. लोकांच्या गिटारीच्या तारा थोड्याच बदलता येतात? मग तशीच शिकलो. पहिल्यापासून. दोन वर्षं नुसती मारामारी चालली होती." त्याने पुन्हा उजव्या हाताकडे पाहिलं. "हा असा साफ विसरेल, असं वाटलं नव्हतं."

"तारा बदलून मिळतात," ती घाईने म्हणाली. "आमच्या क्लासमध्ये, इथे जवळच. पट्टी बदलायची आणि सुलट लावायच्या. अर्ध्या तासाचं काम आहे."

"नको. राहू दे." मग तो थांबला. "क्लासमध्ये? तू शिकतेस?"

तिने मान हलवली.

"हिच्यावर? अशी उलटी?"

"तू आल्यावर तुला होती तशी सापडायला नको का?" ती म्हणाली.

दादा उठला, गिटार तिच्या मांडीवर ठेवली आणि खुर्ची ओढून समोर बसला.

"वाजव."

तिने सुरुवात केली. पहिल्याच कॉर्डला त्याने गाणं ओळखलं. दोन ओळी गायला आणि तिसरीशी अडला. चष्मा काढून पुसला, तरी ओळ आठवेना. ती वाट बघत वाजवत राहिली, तोच तुकडा पुन्हा पुन्हा फिरवत. त्याने तिच्याकडे पाहिलं, लहानपणी परीक्षेत ती त्याच्याकडे बघायची तसं. मग तिनेच ती ओळ उचलली. तिच्यापुढची उचलली. डावा हात चालत होता. तिच्या ते लक्षातही आलं नाही. लक्ष होतं ते त्याच्या डाव्या हाताकडे. गुडघ्यावर त्याची बोटं एकेका कॉर्डचा आकार धरत होती, तिच्या बोटांच्या बरोब्बर समोर, तिच्याबरोबर बदलत.

गाणं संपल्यावर आतून कपांचा आवाज आला.

"चिंगे," तो म्हणाला, "ही तुझीच झाली आता. मी कुठे नेऊ हिला?"

त्याने हे मायेने म्हटलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, ते खोटं नव्हतं. तरी तिला वाटलं, नको, घेऊ नकोस परत ते आधीचं वाक्य. आल्यावर घेतो, एवढंच असू दे. पण हे बोलून दाखवण्यासारखं नव्हतं. तिने चहा पुढे केला, त्याने घेतला, आणि चांगला झालाय म्हणाला.

टॅक्सी आली. पायात बूट घालताना त्याने तिच्या उजव्या हाताची बोटं धरून उलटी केली आणि घट्ट्यांवरून अंगठा फिरवला. मग आपली डावी बोटं तिच्यापुढे धरली. तिथेही तेच होतं. जाताना तो बरंच काही बोलला, तब्येत जप, फोन कर, भावजींना सांभाळ. टॅक्सी कोपऱ्यावर वळली तेव्हा तिच्या लक्षात आलं की पुढच्या वर्षी नक्की, हे तो ह्या वेळी म्हणाला नव्हता.

नवऱ्याने तिला आत बोलावलं नाही. तो दारातून एक खुर्ची घेऊन आला आणि तिच्याशेजारी ठेवून आत गेला.

क्लासच्या दिवशी ती नेहमीच्या वेळेला जिना चढली. खालच्या दुकानात कुणाच्या तरी शर्टांची थप्पी लागली होती. मॅडम वाटच बघत होती.

"आले होते ना दादा? वाजवलं का ते गाणं?"

"वाजवलं."

"बघा! आणि गायलात का?"

"गायले."

"हात थांबला नाही?"

"नाही." तिने खोळ काढून घडी केली आणि पर्समध्ये ठेवली. गिटार मांडीवर घेतली, मान उजवीकडे. मॅडम समोर येऊन बसली.

"मग आता? तेच पुन्हा घ्यायचं?"

ती थोडा वेळ तारा पिळत बसली, सुरात असलेल्याच.

"नको," ती म्हणाली. "दुसरं एखादं शिकव."