डावीकडे तोंड केलेली सीट

दातांच्या डॉक्टरांच्या सायकलची सीट रोज खाली बसायची. घरून निघताना ते उंच आणि ताठ असत. दवाखाना येईपर्यंत गुडघे हनुवटीला टेकायला आलेले असत. सीटची दांडी वाटेत गुपचूप नळीत उतरत जायची. मध्येच थांबून ती वर ओढावी, तर डॉक्टर मुळात बुजरे. लोक बघतील म्हणून ते तसेच पायडल मारत राहायचे. लोक तसेही बघत होतेच.

नट आवळून झाला. पाना वाकेपर्यंत आवळला.

"तुमचं वजन वाढलंय," बायको म्हणाली.

"सायकलला काही झालेलं नाही," त्यांच्याकडेच राहणारे सासरे म्हणाले. "रोज सकाळी मी स्वतः निगा राखतो तिची."

डॉक्टरांनी विचार केला, हलणारी वस्तू पक्की बसवणं हा तर आपला धंदाच आहे. एका सकाळी त्यांनी सायकल थेट उपचाराच्या खोलीत नेली, रुग्णाच्या खुर्चीला लागून उभी केली, दांडी उपसून स्पिरिटने लख्ख पुसली आणि दाढेवर कॅप बसवायचं सिमेंट लावून परत नळीत घातली. सिमेंट वाळेपर्यंत वरून दाब लागतो. रुग्णाला आपण दात आवळून धरायला सांगतो, पण सायकलला काय सांगणार? डॉक्टर स्वतःच सीटवर चढून बसले. मदतनीस बाईंनी समोरून हँडल धरलं.

तेवढ्यात गाल धरून गायनशिक्षिका आत आल्या. त्यांची वेळ बरीच पुढची होती.

"घरी थांबवेना," त्या म्हणाल्या. मग त्यांचं लक्ष वर गेलं. "मी नंतर येऊ का?"

"नको, बसा. फक्त मला उतरता येणार नाही."

"कंबर धरलीय?"

"सिमेंट ओलं आहे."

बाईंच्या दाढेत असा ठणका होता, की डॉक्टर छताला लटकलेले असते तरी त्यांनी आ केला असता. त्या खुर्चीत आडव्या झाल्या. खुर्ची सायकलच्या डावीकडे होती, म्हणून डॉक्टर कमरेतून डावीकडे वळले आणि कामाला लागले. मदतनीस बाई एका हाताने हँडल आणि दुसऱ्या हाताने लाळ ओढायची नळी सांभाळत होत्या.

"दुखलं तर हात वर करा," डॉक्टर सवयीने म्हणाले.

बाईंनी हात वर केला तो बरोबर सायकलच्या घंटीवर. घंटी वाजली की डॉक्टर थांबायचे. आणि घंटी वाजली की बाहेर बसलेले एक आजोबा दार उघडून आत डोकवायचे.

"माझा नंबर?"

"अजून नाही," मदतनीस बाई म्हणायच्या.

सायकलवर बसून दाढ कोरणारे डॉक्टर आजोबांनी नीट पाहिले, दर वेळी पाहिले, आणि दर वेळी दार लोटून घेतलं. पुढे कुणीतरी त्यांना याबद्दल विचारलं तेव्हा ते म्हणाले, नवीन पद्धत असेल.

बाईंची दाढ शांत झाली. डॉक्टर उतरले. सीट तसूभर खाली गेली नव्हती. दगडासारखी घट्ट बसली होती. फक्त तिचं तोंड खुर्चीकडे, म्हणजे पार डावीकडे होतं. डॉक्टरांनी सीट हातांनी पिळली, मग दाढ काढायच्या चिमट्याने दांडी हलवून पाहिली, शेवटी मदतनीस बाईंना सायकल धरायला लावून सीटला मिठी मारून ओढलं. त्यांनी बसवलेलं असं सहजी निघत नसे, हा त्यांचा लौकिक होता.

मग ते तसेच जाऊ-येऊ लागले. चाक पुढे, डॉक्टर डावीकडे. जाताना रस्त्याच्या एका बाजूच्या दुकानांशी त्यांची थेट गाठ पडायची आणि येताना दुसऱ्या बाजूच्या. इतकं समोरासमोर आल्यावर नुसतं बघून कसं जाणार? डॉक्टर मान हलवू लागले. शिंपी मान हलवू लागला, घड्याळवाला "काय डॉक्टर" म्हणू लागला. वर्षानुवर्षं ज्यांना डॉक्टर शिष्ट वाटले होते, ते आता "माणूस किती चांगला" म्हणून आपापल्या दाढा दाखवायला येऊ लागले. डॉक्टरांना हे सगळं आवडत होतं, आणि आवडतंय याची लाजही वाटत होती.

कंबर मात्र भरून आली. शेवटी बायकोने सायकलवाल्याला घरीच बोलावलं. त्याने नळी तापवली, हातोडी घातली, घाम गाळला आणि दांडी बाहेर काढली.

"इथे सिमेंट कुणी घातलं?" त्याने विचारलं.

डॉक्टर चाकाची हवा दाबून पाहू लागले.

"बरं, त्याआधी काय घालत होतात?"

"तेल," सासरे अभिमानाने म्हणाले. "रोज. दांडीला आतपर्यंत."

मग सायकलवाल्याने दांडी कोरडी करून सरळ बसवली आणि सासऱ्यांना हात जोडले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर नाकासमोर बघत निघाले. शिंप्याने उचललेला हात तसाच राहिला. संध्याकाळपर्यंत बायकोला विचारणा झाली, "डॉक्टर आमच्यावर रागावलेत का?"

डॉक्टर ते ऐकून जेवले नाहीत. पुढच्या सकाळी त्यांनी सायकल चालवत मान वळवून पाहिली, पण तेवढ्यात हँडलही वळलं आणि ते घड्याळवाल्याच्या पायरीवर जाऊन आदळले. घड्याळवाल्याने त्यांना पाणी दिलं, खुर्ची दिली, अर्धा तास बसवून घेतलं. तेव्हापासून डॉक्टर सायकल हातात धरून चालत जातात, जाताना एका बाजूशी बोलत, येताना दुसरीशी.

"चालतच जायचं, तर सायकल कशाला नेता?" बायकोने एकदा विचारलं.

डॉक्टरांनी विचार करून खरं ते सांगितलं.

"बोलताना हात कुठे ठेवायचे, ते मला कळत नाही."