मुठीखालचा नंबर

बेचाळीस सालच्या खंडेनवमीला गिरधर पाटलाचं डोकं सकाळीच फिरलं. कोतवाल वना चोरपावलांनी येऊन सांगून गेला, की पिंपळनेरच्या रस्त्यावर सरकारी तारा तोडल्या तिथं नाल्यात एक पिस्तूल सापडलंय, आणि त्याच्या नंबरावरून ते गिरधरच्या नावाचं निघालंय. दुपारी फौजदार येतोय.

"मनं पिस्तूल?" गिरधर म्हणाला. "मनं तं घरमा शे!"

आणि खरंच होतं. पेटीत, फडक्यात गुंडाळलेलं. गिरधरनं ते सोडून पाहिलं, गुंडाळलं, परत सोडलं. एकच पिस्तूल नाल्यात पण आणि पेटीत पण? देवादिकांना जमत असेल; लोखंडाला जमल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही.

हातच्या काकणाला आरसा कशाला, नंबरच पाहू, असं त्यानं ठरवलं. नंबर मुठीच्या लाकडी पट्टीखाली कोरलेला, आणि पट्टी एका स्क्रूनं बसवलेली. आता धीर धरला तर तो पाटील कसला! विळ्याचं टोक घालून त्यानं असा काही पीळ दिला, की स्क्रूच्या डोक्यावरची खाच साफ झिजून गेली. मग तिथं विळा ठरेना की नख ठरेना. पिस्तूल धोतराच्या सोग्यात लपवून तो चुडामण लोहाराकडे धावला.

चुडामणचा भाता गार होता. हातोडे, सांडशा, कानशी, पेचकस, सगळं पाटावर मांडून वर हळदकुंकू वाहिलेलं.

"आज हत्यार उचलता येत नही, आबा. पूजा व्हई गयी. दसरा व्हई जाऊ द्या."

"दसराले मी तुरुंगमा राहसू, चुडामण!"

त्यानं सगळी हकिकत सांगितली. चुडामणला ती अर्धीच कळली, पण गिरधरला तरी कुठं पुरती कळली होती?

"काडतुसं काढी टाकात का?" चुडामणनं विचारलं, आणि काढली म्हटल्यावरही पिस्तुलाची नळी त्यानं भिंतीकडेच वळवून ठेवली. मग भंगारात हात घालून करवतीचं एक तुटकं पातं काढलं. ते पूजेला मांडायच्या लायकीचं नव्हतं, म्हणून आज कामाला मोकळं होतं. स्क्रूच्या कडेनं घासलेट सोडून तो त्याच्या डोक्यावर नवी खाच पाडू लागला. पातं घसरलं की शिवी द्यायचा, मग पाटाकडे पाहून कान धरायचा.

"आते फिराव," गिरधर म्हणाला. "डाव्या आंगले. नही, नही, उजव्या!"

"आबा, तुम्ही गप बठा."

खाचेत ढब्बू पैशाची कड बसवून चुडामणनं जोर लावला. स्क्रू कुरकुरला आणि फिरला. पट्टी निघाली. खाली जुन्या शेंदराचा थर होता. तो पुसल्यावर आकडे दिसले.

गिरधरचा नंबर सहावर संपायचा. इथं शेवटी सात होता.

"हाऊ सात शे?"

"सातच शे, आबा."

गिरधरनं पिस्तूल उलटं धरून पाहिलं. सहाचा नऊ होईल एक वेळ. सात कसा होणार? मग एकदम उमगलं. सात नंबर त्याच्या चुलतभावाचा, पितांबर नानाचा. दोघांनी धुळ्याच्या दुकानातून एकसारखी पिस्तुलं बरोबरच आणली होती. खंडेनवमीला सगळ्या भाऊबंदांची हत्यारं एका पाटावर यायची, भिकुबाई काकू हात आखडता न घेता शेंदूर फासायची, आणि मग लालभडक ढिगातून ज्यानं त्यानं आपापलं उचलायचं. गेल्या साली अदलाबदल झाली होती.

म्हणजे नाल्यातलं पिस्तूल गिरधरचं, पण तिथं ते नेलं नानानं! फौजदार दिसला की उठून उभा राहणारा नाना, खादीवाल्या पोरांना रिकामटेकडे म्हणणारा नाना! गिरधर त्याला जन्मभर शेळपट समजत आला होता. त्याला हसूही फुटलं आणि डोळ्यांत पाणीही आलं.

सात नंबर फौजदाराला दाखवला की गिरधर सुटत होता, आणि संध्याकाळच्या आत नानाला बेड्या पडत होत्या.

"पट्टी बसाव," तो म्हणाला. "आन् मांगल्या वाटवरथीन जाईसन हाई नानाले दी ये. त्यानंच शे. फौजदारनी इचारं तं हाईच दखाड, सांग त्याले."

"आन् तुम्ही?"

"माले भ्याव लागस रे, चुडामण," गिरधर म्हणाला. "तू पट्टी बसाव."

फौजदार दुपारी आला. ओट्यावर टेकला नाही, की दिलेलं पाणी प्याला नाही.

"गिरधर पाटील, तुमचं परवान्याचं पिस्तूल कुठे आहे?"

गिरधरनं पागोटं सारखं केलं.

"साहेब," तो म्हणाला, "ते तुमच्याजवळच तर आहे."