जिंकायचं कोणी

आमच्या घरात भांडण झालं की पट मांडायचा, हा बाबांचा नियम. बुद्धिबळात जिंकेल त्याचं खरं, हरेल त्याने तोंडाला कुलूप लावायचं. भिंतींचा रंग, दादाचं कॉलेज, आईचे दागिने मोडायचे की नाही, सगळं पटावर ठरलं. काय शांत घर आहे, म्हणून शेजारी कौतुक करायचे. मी शेंडेफळ, लिंबूटिंबू. मला डावाला कधी कोणी बसवलंच नाही.

त्या दिवशी बाबा दवाखान्यात तापाने बेशुद्ध होते. साखरेमुळे पायाची जखम चिघळली होती. डॉक्टरीणबाई स्पष्ट म्हणाल्या, "पाय गुडघ्याखाली कापावा लागेल, नाहीतर विष अंगभर पसरेल. औषधावर थांबायचं असेल तर तसं सांगा, पण लवकर सांगा."

दादा म्हणाला, कापू या. मधला नाना म्हणाला, थांबू या, बाबा जन्मभर बोल लावतील. मग नानाने पिशवीतून घडीचा पट काढला आणि बाकावर मांडला. माझं डोकंच फिरलं.

"अरे, बापाचा पाय आहे तो, भिंतीचा रंग नाही."

"आवाज चढवू नकोस," दादा म्हणाला. "बाबांचीच पद्धत आहे."

आणि खरं सांगते, क्षणभर मलाही ते रास्त वाटलं. वाढलेच होते ना मी त्यात. त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले. दाराआड यंत्राची टिकटिक चालू होती आणि माझा सगळा जीव तिकडे लागला होता.

खेळ मला येतो, मागे उभी राहून शिकलेय. दादाचा वजीर नानाच्या हत्तीसमोर उघडा पडला होता. शेंबडं पोरही मारेल असा. नानाने एक प्यादं सरकवलं. दादाने कपाळ चोळलं आणि वजीर आणखी पुढे नेऊन ठेवला. नानाने घोडा मागे घेतला. मला आधी वाटलं, जागरणाने दोघांची डोकी चालत नाहीयेत. मग दादाचे लाल झालेले कान दिसले आणि माझ्या लक्षात आलं. जिंकणं कोणालाच नको होतं. जो जिंकेल, त्याच्या माथी बाबांचा पाय.

"दादा, तू मुद्दाम हरतोयस."

"विचार करू दे," तो म्हणाला, पण मान वर केली नाही.

नर्स येऊन म्हणाली, "ठरलं का तुमचं? ताप चढतोय."

दोघं पटावर आणखी वाकले. मी तडक आत गेले.

"घरच्यांचं एकमत आहे ना?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"हो," मी धडधडीत खोटं बोलले आणि पाय कापायच्या कागदावर सही केली. काही बरंवाईट झालं तर हे दोघं जन्मभर माझ्याकडे बोट दाखवतील, हे मला पक्कं ठाऊक होतं.

बाबा शुद्धीवर आले तेव्हा आम्ही तिघंही खाटेजवळ होतो. पांघरूण एका बाजूला सपाट पडलं होतं, तिकडे ते बराच वेळ बघत राहिले.

"कोण जिंकलं?" त्यांनी विचारलं.

"कोणीच नाही, बाबा. सही मी केली."

आता शिव्या बसणार म्हणून मी अंग चोरून उभी राहिले. पण ते दादाकडे आणि नानाकडे वळले.

"मग हे काय करत होते?"

नानाने पटाची पिशवी पायाने खाटेखाली सरकवली.

"हरत होते," मी म्हणाले.