रोजचा वारा

क्रेनच्या पाळण्यातून उतरली तेव्हा नगरपालिकेची इंजिनिअर रेलीन हिचं डोकं भणभणत होतं. शाळेच्या नाक्यावरच्या सिग्नलचा लांब आडवा दांडा जिथे खांबाला जोडला होता, तिथल्या वेल्डिंगवर व्हिक फिटरने भेगा शोधायला लाल रंग फासून पुसला होता आणि बोटभर भेग लालबुंद उमटली होती. शाळा तीनला सुटायची, ती त्या दांड्याखालूनच.

"उतरवायचा. आत्ता," ती म्हणाली.

रस्तेप्रमुख ग्लेन गाडीला टेकून सॉसेज रोल खात होता. "अगं, चक्रीवादळात निम्म्या गावाची छपरं उडाली, हा जागचा हलला नाही. शुक्रवारी महापौर याच्यासमोर फोटो काढणार आहेत. झुळकेला काय घाबरतेस? सोमवारी बघू."

झुळूक म्हणे. क्वीन्सलँडच्या या किनाऱ्याची ही जुनी खोड. जे बांधायचं ते वादळाच्या धाकाने, आणि एप्रिलपासून महिनोन्‌महिने वाहणाऱ्या आग्नेय वाऱ्याला कुणी हिशेबातच धरत नाही. वादळ एका रात्रीत येऊन जातं. हा वारा मात्र दिव्यांमागच्या रुंद काळ्या पत्र्यांना धरून दांडा वर-खाली, वर-खाली हलवत बसतो. तार वाकवून वाकवून तोडतात, तसंच. पोरं या दांड्याला 'नाचरा' म्हणत आणि मोठी माणसं कौतुकाने हसत.

"तुझी पोरगी याच शाळेत ना रे?" तिने विचारलं. "तिला उभी कर याच्याखाली सोमवारपर्यंत. मग खा निवांत."

ग्लेनचा घास तोंडातच राहिला. "घरापर्यंत जाऊ नकोस हां. आणि हे डिझाइन केलं कुणी? आधी त्याला धर."

व्हिक साखळ्या उचलायला वळला. त्याला ठाऊक होतं.

"मी केलं," रेलीन म्हणाली. "वादळाचं गणित तीनदा तपासलं. रोजच्या वाऱ्याचं केलंच नाही. मीही याच गावची ना."

एवढं बोलून ती स्वतःच रस्त्यात उभी राहिली आणि गाड्या अडवल्या. ग्लेनचा राग तिला आला होताच, पण स्वतःचा त्याहून जास्त आला होता. पावणेतीनला दांडा खाली आला.

"चला, सुटलो एकदाचे," ग्लेन हळूच म्हणाला.

"कसले सुटलो," ती खेकसली. "याच नकाशावरचे आणखी अकरा उभे आहेत गावात. एक तर इस्पितळाच्या दारात. लाव महापौरांना फोन, आणि माझं नाव सांग."